आकाश सर्वांचे, जमीन कोणाची?



गावच्या जत्रेत रात्री छबिना निघतो आणि मग शोभेची दारू उडते. आधी नळे, चंद्रज्योती, मग सूं करून वर जाणारे बाण. हे दारूकाम पाहायला कोणी देवळाच्या पायरीवर बसतो, कोणी माळवदावर चढतो, पोरे कडब्याच्या गंजीवर जाऊन बसतात. ज्याने जत्रेची वर्गणी भरली त्यालाही तेवढेच दिसते, आणि ज्याची भरायची राहून गेली त्यालाही तेवढेच दिसते. बाण एकदा वर गेला की तो सगळ्यांचा. आकाशाला कुंपण घालता येत नाही.

पण मोठ्या शहरात काय होते? तिथे गच्च्या दुसऱ्यांच्या, अंगणे नाहीत, आणि उंच घरांनी आकाशाच्या चिंधड्या केलेल्या. सणाच्या रात्री शहरात आतषबाजी होते, लाखो माणसे घराबाहेर पडतात, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न पडलेला असतो: पैसे न मोजता उभे कुठे राहायचे? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. मला मात्र त्यात बराच इतिहास दिसतो, आणि तो इतिहास दारूचा कमी, जमिनीचा जास्त आहे. आज मी तुम्हांला तो सांगणार आहे. बहुतेक गोष्ट लंडन शहराची आहे, कारण तिथल्या आतषबाजीच्या आणि तिथल्या मोकळ्या जागांच्या नोंदी दोन-अडीचशे वर्षांपासून नीट लिहून ठेवलेल्या आहेत. पण सुरुवात आपल्या घरापासून करू.

आपल्याकडे शोभेची दारू जुनी आहे. इ. स. १४४३ मध्ये अब्दुर रझाक नावाचा इराणी वकील विजयनगरच्या दरबारी आला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात त्याने आतषबाजी पाहिली आणि ती लिहून ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी अशा नोंदी वेचून हिंदुस्थानातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक हकीकत आहे, ती आपल्या विषयाला अगदी जुळते.

महादजी शिंदे १७९२ च्या जूनमध्ये उत्तरेतून पुण्यास आले. बोलता बोलता त्यांनी तरुण सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. कोट्याचा राजा म्हणे चार दिवस लाखो दिवे लावतो आणि गावाबाहेर दारूची लंका उभी करतो. मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारूनेच भरलेला मोठा मारुती. त्याच्या शेपटीला बत्ती लावली की तो उडत उडत लंकेतली घरे पेटवीत सुटतो. हे ऐकून पेशव्यांना ती पाहायची हौस वाटली. महादजींनी आपल्या दारूवाल्यांना हुकूम केला, पंधरा दिवसांत लंका तयार झाली, आणि अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी ती पेटली. श्रीमंत आणि सरदार मंडळी पर्वतीच्या माथ्यावरून पाहत होती. पुण्याचे लोकही मोठ्या संख्येने जमले होते.

यातली मांडणी ध्यानात घ्या. डोंगरमाथा मानकऱ्यांना, पायथ्याचे रान लोकांना. माथ्यावरून चांगले दिसते खरे. पण पायथ्याला रान मोकळे होते, म्हणून पुणेकरांना लंकादहन पाहायला मिळाले. ते रान नसते तर महादजींची लंका पेशव्यांपुरतीच जळली असती. एवढी खूणगाठ बांधून आता आपण विलायतेला जाऊ.

लंडनमधला सर्वांत गाजलेला दारूकामाचा प्रसंग १७४९ सालचा, म्हणजे पुण्याच्या लंकेच्या चाळीसेक वर्षे आधीचा. युरोपातले आठ वर्षांचे युद्ध आदल्या वर्षी तहाने मिटले होते. राजा दुसरा जॉर्ज याने तहाचा आनंद साजरा करायचे ठरवले. शहरातल्या ग्रीन पार्क या बागेत सेर्वांदोनी नावाच्या कलावंताने लाकडाचे एक प्रचंड देऊळ उभारले. लांबी ४१० फूट, उंची ११४ फूट. दारूकाम करणारे इटलीचे वस्ताद. संगीत रचले हँडेल या विख्यात संगीतकाराने.

आता गंमत पहा. मुख्य समारंभ २७ एप्रिलला होता. पण त्याआधी सहा दिवस, २१ एप्रिलला, नदीपलीकडच्या व्हॉक्सहॉल बागेत नुसत्या संगीताची तालीम झाली. दारूचा एक बाणही नाही, तरी तिकीट अडीच शिलिंग. त्या काळी लंडनमधल्या साध्या मजुराची दिवसाची मजुरी दोन शिलिंगांच्या आसपास असे. म्हणजे दिवसभर ओझी वाहून मिळालेले सगळे पैसे दिले तरी तालमीचे तिकीट येत नव्हते! तरीही बारा हजारांवर माणसे आली असे तेव्हाच्या मासिकाने छापले. लंडन शहरात तेव्हा नदीवर एकच पूल होता. त्या पुलावर गाड्यांची अशी कोंडी झाली की तीन तास काही हलेना.

खुद्द समारंभाच्या रात्री मात्र मानकऱ्यांसाठी सज्जे बांधलेले होते, आणि बाकीचे लंडन बागेत आणि भोवतालच्या रस्त्यांत उभे होते. पावसाची भुरभुर चालू होती. बाण छान चढले, चक्रे नीट फिरली नाहीत, आणि मध्येच देवळाच्या एका बाजूने पेट घेतला. सेर्वांदोनी इतका संतापला की दारूकामाच्या मुख्य अधिकाऱ्यावर त्याने तलवार उपसली! त्याला धरून न्यावे लागले. होरेस वॉलपोल हा त्या काळचा मोठा पत्रलेखक. तो लिहितो की त्या रात्री नुकसान फारसे झाले नाही, दोन माणसे तेवढी दगावली. दोन माणसे तेवढी! गर्दीतल्या मरणाचा हिशेब तेव्हा असा सैल हाताने मांडला जाई.

पण हा हिशेब कायम सैल राहणार नव्हता. त्यासाठी आपल्याला खाडी ओलांडून पॅरिसला जायला हवे. साल १७७०, मे महिन्याची ३० तारीख. फ्रान्सच्या युवराजाचे मारी आंत्वानेत हिच्याशी नुकतेच लग्न झाले होते. त्या आनंदात शहराच्या मोठ्या चौकात आतषबाजी ठेवली होती. चौक मोकळा होता, प्रवेश फुकट होता, लोक अलोट आले. दारू उडाली. आणि मग सगळे एकदम घरी निघाले.

चौकातून बाहेर पडायची मुख्य वाट म्हणजे एक रस्ता. त्या रस्त्यावर बांधकाम चालू होते, चर खणलेले होते आणि ते बुजवलेले नव्हते. पलीकडून जत्रेकडची गर्दी आत येत होती, अलीकडून चौकातली गर्दी बाहेर रेटत होती, आणि मध्ये श्रीमंतांच्या घोडागाड्या. अंधारात माणसे चरांत पडली, त्यांच्यावर माणसे पडली. सरकारी मोजणीप्रमाणे १३२ जीव गेले. युवराज आणि त्याची नवी नवरी यांनी आपल्या खर्चाची रक्कम मृतांच्या घरच्यांसाठी पाठवली. मृतांना जवळच्या माडलेन स्मशानात पुरले. पुढे २३ वर्षांनी, क्रांतीनंतर, त्याच चौकात याच युवराजाचे, आता सोळाव्या लुईचे, आणि मारी आंत्वानेतचे मस्तक उडवले गेले, आणि त्यांनाही त्याच स्मशानात नेले.

मंडळी, या प्रसंगातून एक गोष्ट शिकायची ती अशी. १३२ माणसे मेली ती दारूने भाजून नव्हेत. ती मेली वाटेवर. पाहायची जागा मोकळी होती, पण परतायची वाट अरुंद होती आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. फुकट जागा शोधणाऱ्याने "दिसेल का?" हा प्रश्न आधी विचारू नये. आधी विचारावे, "परत कसे जायचे?"

आता पुन्हा लंडन. १८१४ साली नेपोलियनचा पाडाव झाला असे सर्वांना वाटले. (ते पुरते खरे नव्हते, तो पुढच्या वर्षी परत आला.) त्या आनंदात १ ऑगस्टला राजधानीच्या तीन बागांत मोठा उत्सव झाला. आणि इथे पहिल्यांदा आपल्याला आजचा प्रश्न स्पष्ट दिसू लागतो. हाइड पार्क आणि ग्रीन पार्क या दोन बागा सर्वांना खुल्या. तिसरी, सेंट जेम्स पार्क, तिकिटाची. तिकीट अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. त्या तिकिटाच्या बागेत पाण्यावर पूल बांधून त्यावर चिनी घाटाचा लाकडी मनोरा उभारला होता. आतषबाजीत नेमका तोच पेटला आणि पाण्यात कोसळला. दोन माणसे गेली. अर्धी गिनी देऊन आत गेलेला मनुष्य जास्त सुखरूप होता असे काही म्हणता यायचे नाही.

यानंतरच्या काळात आतषबाजी हा धंदा झाला. व्हॉक्सहॉलच्या बागेचे नाव मघाशी आले. तिथे भिंतीच्या आत झाडी, दिवे, गाणी, खाणेपिणे असे आणि आत जायला पैसे. १७९८ पासून तिथे आतषबाजी नेहमीची झाली. ती बाग १८५९ साली बंद पडली. मग शहराच्या दक्षिणेला सिडनम टेकडीवर क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल होता, तिथे १८६५ पासून ब्रॉक या घराण्याचे दारूकाम सुरू झाले. मधला काही काळ सोडला तर ते १९३६ पर्यंत चालले. त्या वर्षी ३० नोव्हेंबरच्या रात्री तो काचेचा महालच जळून गेला.

भिंतीच्या आतल्याला पैसे पडत होते. पण शोभेची दारू हा असा माल आहे की त्याचा अर्धा भाग भिंतीच्या आत कधी राहतच नाही! नळे, चक्रे, चित्रे, हे जमिनीवरचे काम आतल्यांचे. बाण मात्र बाहेरच्यांचेही. आणि महाल तर टेकडीवर. त्यामुळे दारूवाल्याने आत जे विकले त्याचा उत्तम वाटा आकाश फुकट वाटून टाकी. गावात तमाशाच्या कनातीबाहेर उभे राहून ढोलकी ऐकणारा माणूस आपण पाहतोच. तसेच हे. फरक एवढाच की कनातीबाहेरच्याला नाच दिसत नाही, आणि बाण मात्र बाहेरूनही दिसतो.

लंडनमध्ये आतषबाजीच्या रात्री मुख्यतः दोन. एक नोव्हेंबरची ५ तारीख. १६०५ साली काही लोकांनी पार्लमेंटच्या तळघरात दारूची पिंपे ठेवून राजासकट सभागृह उडवण्याचा कट केला, तो फसला. पुढच्याच वर्षी कायदा झाला की हा दिवस दरसाल आभाराचा म्हणून पाळावा. तो कायदा १८५९ साली रद्द झाला, पण होळ्या पेटवण्याची आणि दारू उडवण्याची चाल राहिली. गावोगावच्या माळांवर अशी आतषबाजी होते. लंडनमध्ये ब्लॅकहीथ नावाच्या विस्तीर्ण माळावर नगरपालिका ती विनामूल्य करी आणि हजारो लोक जमत. २०१९ नंतर साथीच्या रोगाने खंड पडला, आणि २०२२ साली पैशाची तंगी म्हणून पालिकेने ती केली नाही. फुकट पाहणाऱ्याला खर्च नसतो, पण कोणाला तरी तो असतोच. हेही विसरून चालणार नाही.

दुसरी रात्र ३१ डिसेंबरची, नव्या वर्षाची. १९९९ च्या अखेरीस नवे सहस्रक लागते म्हणून टेम्स नदीच्या काठी प्रचंड लोक लोटले. पुढच्या वर्षांत नदीकाठच्या लंडन आय या १३५ मीटर उंचीच्या चक्राभोवती दरसाल आतषबाजी होऊ लागली. रस्ते सर्वांना खुले होते. २०१३ च्या अखेरीस गर्दी सुमारे पाच लाखांवर गेली. एवढी माणसे त्या काठावर सांभाळता येत नाहीत असे शहराच्या कारभाऱ्यांनी सांगितले, आणि २०१४ च्या अखेरीपासून नदीकाठच्या जागेला तिकीट आले. एक लाख जागा, प्रत्येकी दहा पौंड. पुढे ही किंमत वाढत गेली.

लोकांत बरीच कुरबुर झाली. सणाच्या रात्री आपल्याच शहरातल्या रस्त्यावर उभे राहायला पैसे? तुम्ही-आम्हीही हेच विचारले असते. आणि पॅरिसची १३२ माणसे आठवली की कारभाऱ्यांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ वाटत नाही. मोजणी हवी हे खरे. पण मोजणी तिकिटानेच करायची का, आणि तिकिटाला किंमत असावीच का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मी देत नाही. शिक्षकांनी तो वर्गात मांडावा. मुले दोन्ही बाजूंनी चांगली बोलतील.

मग ज्यांच्याकडे तिकीट नाही ते कुठे जातात? ते टेकड्यांवर जातात. उत्तरेला प्रिमरोज हिल, सुमारे ६३ मीटर उंचीची; तिथे बरीच वर्षे लोक जमत असत. त्यापलीकडे हॅम्पस्टेड हीथ या रानातली पार्लमेंट हिल, सुमारे ९८ मीटर.  आग्नेयेला टेलिग्राफ हिल, जिच्यावर १७९५ मध्ये झडपा उघडून-मिटून निरोप पाठवणारा आरमाराचा मनोरा उभारला होता. जिथून निरोप दूरवर दिसे, तिथून दूरचे दारूकामही दिसणारच! आपल्या सह्याद्रीतही नाही का, पूर्वीच्या टेहळणीच्या जागा तेवढ्या आज देखावा पाहायच्या जागा झाल्या आहेत.

आपल्याला या टेकड्या फार उंच वाटणार नाहीत. ९८ मीटर म्हणजे आमच्याकडे त्याला टेकाड म्हणतील. पण लंडन हे नदीच्या सखल खोऱ्यात वसलेले शहर; तिथे एवढी उंचीही पुष्कळ झाली. मात्र उंची असून भागत नाही. ती जमीन उघडी हवी, आणि रात्री तिथे जाण्याचा आपल्याला हक्क हवा. आता मी मूळ मुद्द्याला येतो. या टेकड्या उघड्या राहिल्या कशा?

त्या आपोआप राहिल्या नाहीत. प्रिमरोज हिल ही ईटन कॉलेजच्या मालकीची होती. शहर वाढत होते, जमिनीला भाव येत होता. एका वास्तुशिल्पीने तर पन्नास लाख मृतदेह मावतील असा पिरॅमिड या टेकडीवर बांधायचा आराखडा मांडला होता! शेवटी सरकारने दुसरी जमीन देऊन ती टेकडी बदल्यात घेतली आणि १८४२ च्या कायद्याने ती लोकांसाठी राखली.

हॅम्पस्टेडच्या रानाची हकीकत तर आपल्या खेड्यातल्या माणसाला चटकन कळेल. ते रान म्हणजे एक प्रकारचे गायरान होते. मालकी जमीनदाराची, पण त्यावर गुरे चारण्याचे, सरपण नेण्याचे काही लोकांचे जुने हक्क. १८२९ पासून तिथल्या जमीनदाराने, सर टॉमस मॅरियन विल्सन याने, आपल्या इस्टेटीवर घरे बांधू द्यावीत म्हणून पार्लमेंटकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. लोक पुन्हा पुन्हा आडवे आले. असे चाळीस वर्षे चालले. बांधकामाचा परवाना त्याला मिळाला नाही, आणि रानाचा हट्ट त्याने सोडला नाही. तो १८६९ साली वारला, आणि १८७१ साली शहराच्या मंडळाने ४५ हजार पौंड मोजून ते रान लोकांसाठी विकत घेतले. पार्लमेंट हिल त्यात नव्हती. तिच्यासाठी पुन्हा चळवळ झाली. ऑक्टेव्हिया हिल ही गरिबांच्या घरांसाठी झटणारी बाई त्यात पुढे होती. वर्गण्या गोळा झाल्या, शहराने पैसे घातले, आणि सुमारे तीन लाख पौंड देऊन १८८९ साली ती टेकडी रानाला जोडली गेली. टेलिग्राफ हिलचे उद्यान १८९५ साली खुले झाले.

या लोकांनी भांडण केले ते आतषबाजीसाठी नव्हे. कोणाला गुरांची काळजी होती, कोणाला पोरांच्या खेळण्याची, कोणाला गिरणीच्या धुरात कोंडलेल्या कामगाराला रविवारी मोकळी हवा मिळावी याची. पण त्यांनी राखलेल्या जमिनीवर आज सव्वाशे-दीडशे वर्षांनी एखादा बिगारी कामगार पोराला खांद्यावर घेऊन उभा राहतो, आणि शहराची आतषबाजी दमडी न देता पाहतो. गायरान राखणाऱ्याला आपण नेमके काय राखले हे कधीच पुरते ठाऊक नसते.

शिक्षक बंधूंनो, इथे एक गणित सांगून ठेवतो, वर्गात उपयोगी पडेल. उजेड डोळ्यांपर्यंत लगेच येतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. प्रिमरोज हिल नदीकाठच्या त्या चक्रापासून सरळ रेषेत पाच किलोमीटरांच्या आत आहे. म्हणजे बाण फुटलेला दिसल्यानंतर आवाज यायला चौदा-पंधरा सेकंद. पार्लमेंट हिल सात किलोमीटरांच्या जरा आत. तिथे सुमारे वीस सेकंद.  तेव्हा फुकट्या प्रेक्षकाला आधी मुकी आतषबाजी दिसते आणि आवाज मागाहून येतो. तुमच्या गावच्या जत्रेत मुलांना माळावर न्या. बाण फुटला की एक-दोन-तीन मोजायला सांगा. आलेल्या आकड्याला तीनाने भागा, म्हणजे देवळापासून आपण किती किलोमीटरांवर आहोत ते निघेल. भुईमापाचा आणि ध्वनीचा धडा एकदमच होईल.

आता आपल्या मुंबईकडे वळू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसा. समोर समुद्र, डावीउजवीकडे किनाऱ्याची कमान, आणि दूरवरचे बाण पाण्यावर उमटलेले. गिरणगावातला माणूस, उपनगरातला माणूस, गावाहून दिवाळीला आलेला पाहुणा, सगळे त्या एका कठड्यावर. कोणी तिकीट विचारत नाही. आणि त्या रस्त्याच्या उत्तर टोकाजवळच्या स्टेशनाचे नाव आहे चर्नी रोड. हे नाव गुरांच्या चरण्यावरून पडले असे सांगतात. इंग्रज सरकारने चराईवर फी बसवली, गरीब गवळ्यांना ती झेपेना, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी स्वतःच्या पैशाने समुद्राजवळचे कुरण घेऊन गुरांना मोकळे केले, अशी ती हकीकत. हॅम्पस्टेडची आणि ही गोष्ट एकाच जातीची. मोठ्या शहरात जी जागा फुकट असते, तिच्यासाठी कोणीतरी केव्हातरी किंमत मोजलेली असते.

शेवटी दोन शब्द सावधगिरीचे, कारण हे नुसते मौजेचे बोलणे नाही. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात दारूच्या कोठाराला आग लागली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. परवानगी नाकारलेली असताना ती आतषबाजी झाली होती. लोक देवळाच्या आवारात, कोठाराच्या जवळ दाटीने उभे होते. तिथे दारू होती, माणसे होती, पण दोहोंच्या मध्ये मोकळी जमीन नव्हती.

तेव्हा जत्रा तुमच्या गावची असो की सण मोठ्या शहरातला, जागा निवडताना चार गोष्टी पाहा. दारूपासून लांब राहा. लांबून उलट जास्त चांगले दिसते. वारा पाठीवर घ्या, म्हणजे धूर आणि ठिणग्या पलीकडे जातील. उंचवटा शोधा, पण कठडा नसलेल्या गच्चीवर आणि जुन्या भिंतीवर पोरांना चढू देऊ नका. आणि यायची वाट जेवढी पाहता तेवढीच जायची वाट पाहा. सगळे एकदम उठले तर ती पुरेल का, तिच्यात चर-खड्डा आहे का, हे उजेड असतानाच बघून ठेवा. जत्रेच्या पंचांनी तर ही शेवटची गोष्ट आपल्या कामांच्या यादीत पहिली लिहावी.

आणि पाचवी गोष्ट, ती सणाच्या रात्रीची नाही, बाकीच्या सगळ्या दिवसांची. तुमच्या गावाला माळ असेल, गायरान असेल, टेकडी असेल. त्यावर कोणाचे कुंपण हळूहळू पुढे सरकत नाही ना, याकडे ग्रामसभेत लक्ष ठेवा. सात-बाराचा उतारा काढून मुलांना दाखवा, की हे बघा, ही जमीन गावाची. बाण आकाशात जातो तो सगळ्यांचा असतो हे खरे. पण तो पाहायला पायाखाली जमीन लागते, आणि ती सगळ्यांची राहील की नाही हे आकाश ठरवत नाही, आपण ठरवतो.